आधी जेव, मग धाव

मद्रासमध्ये दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. "साप्टिया?" जेवलीस का? सकाळी भेटा नाहीतर दुपारी, लग्नात भेटा नाहीतर मयताला, प्रश्न तोच. उत्तराची वाट कुणी बघत नाही. मान डोलवायची आणि कामाचं बोलायला लागायचं. त्या अख्ख्या शहरात उत्तराची वाट बघणारी मला एकच बाई भेटली, आमच्या कॉलेजच्या पी.टी. मिस. आणि नुसतं 'हो' हे त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं.

"काय जेवलीस?"

"इडली, मिस."

"किती?"

"दोन."

"कशाशी?"

"चटणीशी."

"चटणी खोबऱ्याची होती की पाण्याची?"

ही उलटतपासणी रोज सकाळी मैदानाच्या फाटकात चालायची. चटणी पातळ होती हे कबूल केलं की मिस आपला टिफिन कॅरियर उघडायच्या. त्यातलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत गिळायचं, मगच आत. मागे मुलींची रांग खोळंबलेली. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, इथे रेशन वाटताहेत.

ही ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. तेव्हा चेन्नई मद्रास होतं आणि मी बारीक होते. यातलं दुसरं विधान माझ्या मुली मानायला तयार नाहीत. फोटो दाखवला तर विचारतात, "ही कोण?"

मिस उंच, रुंद हाडाच्या. सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. शिट्टी आणि चष्मा एकाच काळ्या दोरीत गळ्यात अडकवलेले, त्यामुळे घाईत बऱ्याचदा चष्म्याची काडी तोंडात जायची. त्या जिवाच्या आकांताने फुंकायच्या आणि आवाज आला नाही की आमच्यावरच ओरडायच्या, "ऐकू येत नाही का?" यायच्या त्या मोपेडवरून. हँडलला टिफिन कॅरियर, मागच्या सीटवर केळ्यांचा घड सुतळीने बांधलेला. लांबून वाटायचं, कुणाला तरी डबलसीट घेऊन निघाल्यात.

डाव्या पायाने त्या किंचित लंगडायच्या. का, असं विचारलं की दर वेळी नवं कारण. एकदा पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, बैलाने ढुशी दिली. एकदा कंडक्टरने बस लवकर सोडली. एकदा नवऱ्याला लाथ मारताना नेम चुकला. नवरा होता की नव्हता, हेही आम्हाला नक्की ठाऊक नव्हतं.

इतर कॉलेजांत उशिरा येणारीला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावत. आमच्याकडे तिला मैदानाच्या मधोमध उभं राहून केळं खावं लागे आणि बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती फेऱ्या मारत. येता-जाता मुली विचारायच्या, "गोड आहे का ग?" दुसऱ्यांदा उशीर कुणी केला नाही.

मला त्या 'रायर पोण्णु' म्हणायच्या, म्हणजे रायरांची पोरगी. आम्ही तंजावरकडचे मराठी. कितीतरी पिढ्यांमागे आलेलो, पण मद्रासी माणसांच्या लेखी अजून 'रायर'च, म्हणजे रावमंडळी. घरात आम्ही जी मराठी बोलायचो ती जशीच्या तशी लिहिली तर पुण्यातल्या वाचकाला दुभाष्या लागेल, म्हणून इथे जरा सोलून लिहितेय. मिस तमिळच बोलायच्या. त्यांचं बोलणंही मीच मराठीत आणलंय, तेव्हा त्यातला अर्धा तिखटपणा वाटेत सांडला असं समजा.

मी आठशे मीटर धावायचे. आमच्यासारख्या घरातली मुलगी अर्धी चड्डी घालून मैदानावर पळते, हे अम्माला, म्हणजे माझ्या आईला, मुळीच पसंत नव्हतं. पण अप्पा अंबत्तूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, आणि कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पळणाऱ्या मुलींना सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते. त्या दिवसापासून अर्धी चड्डी हा आमच्या घरात भविष्याचा प्रश्न झाला. अम्मा ती स्वतः धुवायची, पण वाळत घालायची परकराच्या आत.

मग एका उन्हाळ्यात मी शिबिराला गेले आणि तिथे बिघडले. तिथे बाहेरगावचे एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी फळ्यावर आगगाडी काढली. म्हणाले, "इंजिन तेच ठेवा, डबे कमी करा. गाडी आपोआप जोरात धावेल." मग आम्हा मुलींकडे बघून म्हणाले, "तुमच्या मागे किती डबे आहेत ते आरशात बघा." मी परत आले ती डबे सोडायचं ठरवूनच.

पण आमच्या घरात जेवण टाकणं सोपं नव्हतं. ताटात उरलेल्या भाताचा अम्मा पंचनामा करायची. मग मला युक्ती सुचली. मी एकदम भाविक झाले. आधी एकादशी धरली. मग शनिवार व्यंकटेशाचा, गुरुवार राघवेंद्र स्वामींचा, सोमवार शंकराचा. आमच्याकडचा उपास म्हणजे खरा उपास, फार तर एखादं फळ नाहीतर पेलाभर दूध. साबुदाण्याची खिचडी ही उपासाची वस्तू आहे हे मला लग्न होऊन पुण्यात आल्यावर कळलं, आणि इतकी वर्षं आपली फसवणूक झाली असं वाटलं. अम्मा मात्र हरखून गेली. मैदानावर जाऊन मुलगी हाताबाहेर जाईल ही तिची धास्ती, आणि इथे मुलगी संतपदाला पोचत होती. गल्लीत सांगत सुटली, "आमची दिवसाआड उपास करते, हो! आणि तरी धावते!"

गल्लीतल्या बायका माझ्या पाया पडायच्याच बाकी होत्या.

मिसना मात्र हे भक्तीचं प्रकरण पहिल्यापासून खटकलं. फाटकातल्या प्रश्नाला मी "आज शनिवार, मिस" असं उत्तर दिलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुझा व्यंकटेश पेरुमाळ देवळात काय करतो?"

"काय करतो म्हणजे?"

"उभा असतो ना? दिवसभर जागचा हलत नाही. तरी त्याला सकाळी तुपातला पोंगल-भात लागतो, दुपारी चिंचेचा भात लागतो, संध्याकाळी वडे लागतात. आणि तू धावणार, ती उपाशी?"

तरी उपास मी सोडला नाही. कारण सुरुवातीला माझा वेग खरोखरच वाढला होता. हे खरं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी कशी भुलले ते कळणार नाही. काही आठवडे मी वाऱ्यासारखी पळत होते. मला वाटलं, फळ्यावरचे गृहस्थ बरोबर आणि आमच्या मिस म्हणजे केळीवाली बाई.

सैदापेट स्टेशनच्या फलाटावर वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की त्यातले रंगीत दिवे फिरायचे, घरघर व्हायची आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. कॉलेजातून येताना मी रोज त्या यंत्रावर चढायचे. एका संध्याकाळी तिकीट हातात घेऊन वळले तर मागे मिस. एका हातात टिफिन कॅरियर, खांद्यावर केळ्यांचा घड.

"बघू."

मी तिकीट दिलं. त्यांनी वजनाची बाजू बघितलीच नाही, भविष्य मोठ्याने वाचलं. "'तुमच्या संयमाचं चीज होईल.' वा! सरक."

आणि टिफिन-केळ्यांसकट त्या स्वतः यंत्रावर चढल्या. दिवे फिरले. तिकीट आलं. मिसनी ते न वाचता माझ्या हातात कोंबलं. "हे घे. आजपासून हे तुझं वजन. परत इथे दिसलीस तर तुला घेऊन चढेन."

मी भविष्याची बाजू वाचून दाखवली. 'लवकरच मनाजोगता जोडीदार लाभेल.' मिसनी यंत्राला कोपरापासून नमस्कार केला.

मी हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या स्टेशनवरच्या यंत्रावर जायला लागले.

मग हळूहळू गोष्टी बिनसत गेल्या. मद्रासच्या मे महिन्यात, सगळं शहर घामाने निथळत असताना, मला थंडी वाजायची. मी पंखा बंद करायचे आणि अप्पा उठून चालू करायचे. केसांचे पुंजके फणीत यायचे. कुणी काही बोललं की मला रडू यायचं, नाही बोललं तरी यायचं. अभ्यासाचं पान वाचून संपलं की वर काय होतं ते आठवायचं नाही. वाढलेला वेग कुठेतरी गळून पडला आणि उजव्या नडगीत एक दुखरी जागा तयार झाली, रुपयाच्या नाण्याएवढी. मी ती मिसना दाखवली नाही. सराव वाढवला आणि बुधवारचा उपास धरला. बुधवार कुठल्या देवाचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट झाली होती, पण ती मला बिघडल्यासारखी वाटलीच नाही. माझी पाळी बंद झाली.

आमच्या घरात पाळी म्हणजे तीन दिवस मागच्या व्हरांड्यात. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा पेला. कुणी शिवायचं नाही. वस्तू हातात द्यायची नाही. जमिनीवर ठेवायची, मग आपण उचलायची. आणि अर्थातच घराबाहेर पाऊल नाही, म्हणजे मैदान नाही. दर महिन्याला माझा सराव तिथे अडायचा. त्यामुळे पोंगलनंतर पाळी आलीच नाही तेव्हा मला वाटलं, देव पावला. एवढे उपास केले त्याचं हे फळ. खरंच सांगते, मी मनातल्या मनात व्यंकटेशाचे आभार मानले होते.

अम्माच्या ते लक्षात आलं आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी. श्राद्ध म्हणजे सोवळ्याचा कहर. मी ओल्या साडीने स्वयंपाकघरात तिला नारळ खवून देत होते. वडे तळता तळता ती एकदम थांबली. झारा हातातच.

"काय गे, तू मागे बसलीस त्याला किती दिवस झाले?"

मी नारळ जोरात खवायला लागले.

"मी विचारतेय. माझं दोन महिने लक्ष नव्हतं, धरू. त्याच्या आधी? लपवतेस? पळायला मिळावं म्हणून लपवतेस आणि तशीच घरभर शिवतेस? आज इथे येऊन बसलीस, श्राद्धाच्या स्वयंपाकात?"

"नाही अम्मा. आलीच नाही."

"खोटं."

"देवाशपथ. पोंगलपासून आली नाही."

तिचा राग क्षणात उतरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा फार वाईट होतं. ती माझ्या पोटाकडे बघत होती. काय बघतेय हे कळायला मला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा नारळाची वाटी हातातून निसटली. तेलात वडे करपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा मैदानावर आली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. पुढे ती, अप्पांची काळी छत्री काठीसारखी टेकत, मागे मान खाली घालून मी. रांगेतल्या मुली बाजूला झाल्या.

"तुम्हीच का त्या मिस?" रागात अम्माचं तमिळ फार शुद्ध व्हायचं.

"मीच. जेवून निघालात ना?"

"माझ्या जेवणाचं राहू द्या. मुलगी तुमच्या हवाली केली होती. तिला कित्येक महिने..." अम्माचा आवाज खाली आला, "...आलेलं नाही. या मैदानावर काय चालतं ते मला आत्ता कळलं पाहिजे."

मला वाटलं, आता शिट्टी वाजणार. पण मिस शांतपणे माझ्याकडे वळल्या.

"कधीपासून?"

"पोंगलपासून, मिस."

"मला का नाही सांगितलंस?"

"सोय झाली होती, मिस."

"सोय!" असं म्हणून त्या माझ्यासमोर मातीत बसल्या. माझा पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्याखालून अंगठ्याने हाड दाबत खाली आल्या. त्या जागेवर अंगठा आला आणि मी किंचाळले. पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले.

"पाय कसले दाबताय?" अम्मा म्हणाली. "मी काय विचारतेय आणि तुमचं काय चाललंय!"

"तुम्ही विचारलंत त्याचंच उत्तर शोधतेय, अम्मा. दोन्ही दुखणी एकच आहेत." मिस पदराने हात पुसत उठल्या. "एक सांगा. घरात तांदूळ कमी पडायला लागले तर तुम्ही पहिल्यांदा काय बंद करता?"

अम्मा गोंधळली. तरी गृहिणीच ती, उत्तर आलंच. "पाहुण्यांना बोलावणं."

"मग?"

"मग... घराची रंगरंगोटी, डागडुजी. ते पुढे ढकलता येतं."

"हिच्या शरीरानेही तेच केलं. रोज सकाळ-संध्याकाळ धावण्यातच सगळा तांदूळ संपतो. उरलेल्यात घर चालवायचं. त्याने आधी पाहुणे बंद केले. मूल वाढवायची सोय आत्ता परवडत नाही म्हणून ती खोली कुलूप लावून ठेवली. मग भिंतींची डागडुजी थांबवली. ही बघा भिंत." त्यांनी माझ्या नडगीकडे बोट दाखवलं. "तडा गेलाय. मुलगी खोटं बोलत नाही, आणि तुमच्या मनात जे आलंय तेही नाही. ती उपाशी आहे, एवढंच."

"पण ती तर व्रतं करते! देवाचं करून कुणाचं वाईट होतं?"

"देवाला तिने अर्धीच गोष्ट सांगितली असेल. उपास करते म्हणून सांगितलं असेल, धावते ते लपवलं असेल."

एरवी मी हसले असते. मिसही हसल्या नाहीत. साडीवरची माती झटकत म्हणाल्या, "माझा पाय बघितलात ना? या मुलींना मी बैलाच्या गोष्टी सांगते. बैल नव्हता. मी हिच्याएवढी होते. सकाळी धावायचे, दिवसभर कॉफीवर काढायचे. बारीक दिसते म्हणून सगळे कौतुक करायचे. महिना चुकायला लागला तेव्हा माझ्या आईलाही बरंच वाटलं. घरात शिवाशिव कमी. मग एक दिवस सपाट मैदानावर, न पडता, न धडकता, मांडीचं हाड मोडलं. आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी काठी मोडली."

अम्मा माझ्या जवळ आली. मला वाटलं मारतेय. तिने माझी वेणी हातात घेतली, चिमटीत धरून बघितली.

"केवढीशी झालीय ग," ती म्हणाली. "मी रोज घालतेय आणि माझ्या लक्षात नाही आलं."

मिसच आम्हाला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मोपेडवर मी आणि केळी, मागून रिक्षात अम्मा. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुसरं काही नाही ना याची खात्री केली, पायाचा फोटो काढला. हाडात केसाएवढी चीर होती. त्यांनी सांगितलं ते मिसच्या तांदळासारखंच होतं, फक्त इंग्रजीत. वर म्हणाल्या, "भरून येईल. पण हाडं भरायचं वय हेच आहे. हे निसटलं तर पुढे मागून मिळत नाही. धावणं बंद, आणि जेवण औषधासारखं, वेळेवर."

"आणि धावणारी मुलं?" अम्माने काळजीने विचारलं. माझा धाकटा भाऊही क्रिकेट खेळायचा.

"मुलांचंही हेच होतं," मिस म्हणाल्या. "त्यांना फक्त महिन्याचा निरोप येत नाही, त्यामुळे अजून उशिरा कळतं."

कोट्याच्या नोकरीची निवड चाचणी तोंडावर आली होती. संध्याकाळी मिस घरी आल्या, तेव्हा अप्पा फार नम्रपणे म्हणाले, "मिस, एवढी चाचणी होऊ द्या. मग बसून खाईल की पोटभर. वर्षाचा प्रश्न आहे."

"मोडलेल्या पायांना कोटा नसतो, रायर," मिस म्हणाल्या. अप्पांनी मान खाली घातली. मी नाही घातली. मी खूप बोलले. तुमचं झालं नाही म्हणून माझंही होऊ देत नाही, असंही म्हणाले. मिसनी ऐकून घेतलं, कोपऱ्यातले माझे स्पाइक्सचे बूट उचलले, लेस मोपेडच्या हँडलला बांधली आणि गेल्या. गल्लीच्या टोकापर्यंत बूट हेलकावे खाताना दिसत होते.

चाचणी माझ्याशिवाय झाली.

मग सुरू झालं माझं खाणं. ज्यांना वाटतं खाणं सोपं असतं त्यांनी कधी ते विसरून बघितलेलं नाही. रोज सकाळी मला मैदानावर यायचंच होतं, पण धावायला नाही. कडुलिंबाखाली बसायचं आणि बाकीच्या धावत असताना खायचं. डोशावर तूप दिसलं की मी ते बोटाने बाजूला सारायचे. चार घास गेले की वाटायचं, आपण फुगतोय, आत्ता इथेच, सगळ्यांसमोर. मिस शेजारी येऊन बसायच्या. उपदेश करायच्या नाहीत. माझ्या ताटात जे असेल तेच त्यांच्या ताटात, आणि मी घास घेतला की त्या घास घ्यायच्या. मी थांबले की थांबायच्या. समोर मुली फेऱ्या मारताहेत, शिट्टीकडे लक्ष नाही, आणि या बाईचा घास हवेत. शेवटी त्यांच्यावर दया येऊन मी खायचे. त्या काही महिन्यांत मिसचं वजन माझ्यापेक्षा जास्त वाढलं.

घरी अम्माने आणखी एक घोळ घातला. माझे उपास तर बंद झाले, पण देवाला कबूल केलेली व्रतं मोडायची कशी? म्हणून माझ्या वाटचे सगळे उपास ती करायला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, आणि तो बेवारशी बुधवारसुद्धा. एक दिवस रेशनच्या रांगेत तिला भोवळ आली. मिसना कळलं तशा त्या थेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात.

"एकीला उठवून बसवतेय तर दुसरी आडवी! तुम्हालाही कडुलिंबाखाली बसवू का?"

अम्मा ओशाळून हसली. त्या दिवसापासून देवाचा हिशेब एकादशीवर मिटला.

पाय बरा झाला. मिसनी आधी चालायला लावलं, मग सावकाश धावायला. केस परत यायला लागले, डोक्यावर सगळीकडे आखूड, उभे. भाऊ मला साळिंदर म्हणायचा. अप्पांनी पंखा लावला तर मी तक्रार करेनाशी झाले. पण जी वाट आम्ही सगळे बघत होतो ती गोष्ट येईना. मिस विचारायच्या, अम्मा विचारायची. अप्पाही विचारायचे, म्हणजे माझ्याकडे न बघता अम्माला विचारायचे, "काय म्हणतेय?"

आली ती पुढच्या वर्षी, उन्हं तापायला लागल्यावर. मी न्हाणीघरातून ओरडले, "अम्मा! मी बाहेरची झाले!"

ज्या घरात ही बातमी नेहमी दबक्या आवाजात, कपाळाला आठी घालून सांगितली जायची, त्या घरात अम्मा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. दारापाशी मात्र सवयीने थबकली. शिवायचं नाही ना! दोन्ही पिठाळ हात वर धरून ती तिथेच उभी राहून रडायला लागली. मी आत हसतेय, ती बाहेर रडतेय. अप्पांनी विचारलं, "कोण गेलं?"

निरोप कुणी दिला ठाऊक नाही, पण संध्याकाळी मिस हजर. टिफिनमध्ये गरम उळुंदु-कळी. उडदाच्या पिठाची, ताडगुळाची, तिळाचं तेल वर तरंगणारी. तमिळ घरांत मुलगी वयात आली की हाडं मजबूत व्हावी म्हणून करतात ती. "दुसऱ्यांदा वयात आलीस," म्हणाल्या, आणि सरळ व्हरांड्यात येऊन माझ्या चटईवर, मला खेटून बसल्या. अम्मा "अय्यो, अय्यो" करेपर्यंत सगळं झालं होतं.

"शिवलात तिला! आता आंघोळीशिवाय तुम्हाला आत घेता येणार नाही."

"मग इथेच वाढा," मिस म्हणाल्या. "मी कुठे आत यायला आलेय?"

अम्माने दोघींना लांबून, वरून वाढलं. दोघींच्या ताटांत तूप सारखंच पडलं.

पुढच्या काही महिन्यांत सगळं घड्याळासारखं चालायला लागलं, आणि तिथेच पंचाईत झाली. त्या वर्षीच्या निवड चाचणीचा दिवस आला तो नेमका माझ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी मिसची मोपेड दारात वाजत होती आणि मी मागच्या व्हरांड्यात, चटईवर, धावायचे कपडे घालून बसले होते. जा म्हणणं अम्माच्याच हातात होतं. आमच्या कुळात कुणी केलं नसेल असं ते होतं. मी काही मागितलं नाही. मला पाळी यावी म्हणूनच अम्मा वर्षभर देवापुढे बसली होती, आणि आता तीच पाळी मला अडवत होती.

अम्मा स्वयंपाकघरातून आली. केळीच्या पानात बांधलेला दहीभात तिच्या हातात होता. नेहमीसारखी ती वाकली, पुडा जमिनीवर ठेवायला. अर्ध्यात थांबली. मग सरळ झाली, पुढे आली आणि पुडा माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. ती बाजूला झाली नाही.

"मी नंतर आंघोळ करेन," ती म्हणाली. "तू आधी जेव, मग धाव."

दारात मिस उभ्या होत्या. त्यांना सगळं दिसलं होतं. मोपेड चालू असताना त्या उगाच किक मारत राहिल्या.

चाचणीत मी चौथी आले. चौघींना घेणार होते, तेव्हा चौथी म्हणजे माझ्यासाठी पहिलीच. त्याच खात्यात पुढे माझी पुण्याला बदली झाली, तिथेच लग्न झालं, आणि तिथल्याच खुर्चीत बसून मी आजची ही माझी आकृती कमावली. त्या दिवशी मात्र रेषा ओलांडून मी धापा टाकत मिसकडे गेले. त्या मैदानाच्या कडेला स्टॉपवॉच मुठीत आवळून उभ्या होत्या.

"मिस, वेळ काय आली?"

त्यांनी मूठ उघडली. काटा शून्यावर होता. स्टॉपवॉच सुरूच केलं नव्हतं.

"मी तुझा पाय बघत होते," त्या म्हणाल्या.